डिस्चार्जचा दुसरा अर्थ

आमच्या भाषांतर विभागात त्यांना सगळे ‘अथवासाहेब’ म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि त्यांना ते चालायचं. कारण साधं होतं. इंग्रजी कागदाचं भाषांतर करताना एखाद्या शब्दाचे दोन अर्थ निघत असले, की ते एक अर्थ ओळीत लिहायचे आणि समासात पेन्सिलीनं ‘अथवा’ लिहून दुसरा टिपून ठेवायचे. ही सवय बोलण्यातही उतरली होती. चहा घेणार का विचारलं, तर म्हणायचे, “घेऊ, अथवा पाच मिनिटांनी घेऊ.” आमचा शिपाई एकदा म्हणाला होता, “लग्नात यांनी ‘हो’ म्हटलं का ‘हो अथवा बघू’ म्हटलं, ते वहिनींनाच विचारायला पाहिजे.” त्यावर सगळ्यांत मोठ्यानं हसले ते अथवासाहेबच.

कचेरीच्या पहिल्या मजल्यावर, रेकॉर्ड रूमच्या मागे आमची खोली. तीन टेबलं, एक लोखंडी कपाट, आणि एक पंखा, ज्याची मान विभागप्रमुख बाईंच्या टेबलाकडे वळली की तिथंच अडकायची. अथवासाहेबांचं टेबल खिडकीशी, माझं त्यांच्या समोर. चौकश्या, अपील, विम्याचे दावे, इस्पितळांचे कागद, जे काही इंग्रजीत यायचं ते आम्ही आपल्या भाषेत करून द्यायचो. कामाचा नियम असा होता, की एकानं भाषांतर करायचं आणि दुसऱ्यानं मूळ कागद शेजारी ठेवून ते तपासायचं. खाली दोघांच्या सह्या.

मी रुजू झाले त्या आठवड्यात ‘सँक्शन’ या शब्दानं मला तोंडघशी पाडलं. एका कारखान्यावर निर्बंध लादल्याचं पत्र होतं, आणि मी बिनधास्त ‘मंजुरी दिली’ असं लिहून मोकळी झाले. अथवासाहेबांनी कागद परत दिला. ओरडले नाहीत. म्हणाले, “हा शब्द दोन्हीकडून चावतो बाई. पुढून गेलात तर परवानगी, मागून गेलात तर शिक्षा. आधी कागद पूर्ण वाचायचा, मग शब्दाला हात लावायचा.”

त्यांच्या खणात लांबट वह्या असायच्या. एका पानावर एक इंग्रजी शब्द, त्याखाली त्याचे सगळे अर्थ, आणि प्रत्येक अर्थ कुठल्या कागदात भेटला त्याची तारीख. बावीस वर्षं ते हे करत होते. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारतही नव्हतं.

ज्या दिवसाबद्दल मला सांगायचंय, त्या दिवशी वहिनींना, म्हणजे अथवासाहेबांच्या बायकोला, इस्पितळात अठरा दिवस झाले होते. फुप्फुसात पाणी झालं होतं. मधले चार दिवस तर काही खरं नव्हतं. आम्ही सगळे फोन वाजला की दचकायचो. पण त्या सकाळी डॉक्टर म्हणाले होते की आज घरी सोडू. जावई तिथं बसला होता आणि अथवासाहेब दर अर्ध्या तासानं त्याला फोन करत होते.

“झाला का डिस्चार्ज? नाही? कागद कुणाकडे अडकलेत? बरं, डिस्चार्ज झाला की लगेच फोन करा. मी निघतो.”

अठरा दिवसांनी त्यांचा चेहरा जरा मोकळा झाला होता. आणि त्याच सकाळी प्रमुख बाईंनी पंधरा पानांचं एक बाड त्यांच्या टेबलावर ठेवलं. एका खासगी रुग्णालयातल्या रुग्णाच्या मृत्यूची चौकशी होती. खुब्याचं ऑपरेशन झालेले एक वृद्ध गृहस्थ. सात तारखेला त्यांना घरी सोडलं, आणि पंधरा तारखेला जखम चिघळून अंगभर विष पसरल्यानं ते गेले. मुलानं तक्रार केली होती. दोन वाजेपर्यंत बाड समितीकडे जायला हवं होतं.

पावणेदोनला त्यांनी ते माझ्यापुढे ठेवलं. “जरा नजर टाका. झालाय म्हणे डिस्चार्ज, टॅक्सीसुद्धा बोलावलीय.”

मी नजर टाकली. खरोखर नजरच टाकली. भाषांतर भराभर वाचून गेले. भाषा त्यांची नेहमीचीच, स्वच्छ. मूळ कागद काढून शेजारी ठेवले नाहीत. बावीस वर्षांत त्यांची चूक कुणाला सापडली नव्हती, मला काय सापडणार? मी सही केली आणि म्हटलं, “जा तुम्ही, वहिनी वाट बघत असतील.” ते अक्षरशः पळत जिना उतरले. समासात एकाही ठिकाणी पेन्सिलीचा ‘अथवा’ नव्हता, हे माझ्या लक्षात आलं नाही. ते लक्षात आलं दोन वर्षांनी.

दोन वर्षांनी त्याच वृद्ध गृहस्थांच्या मुलाचा विम्याचा दावा आमच्याकडे आला, आणि या वेळी कागद माझ्या टेबलावर पडले. त्यात नर्सच्या हस्ताक्षरातलं नोंदींचं पान होतं. फिकट झेरॉक्स, घाईचं अक्षर. पाच तारखेच्या पहाटेची एक ओळ होती: डिस्चार्ज फ्रॉम फोर्थ, डॉक्टर इन्फॉर्म्ड. त्याच्या वरच्या ओळीत ड्रेसिंग बदलल्याची नोंद, खालच्या ओळीत ताप. म्हणजे जखमेतून चार तारखेपासून पू येतोय, डॉक्टरांना कळवलंय. मी तसंच लिहिलं. मग आठवण झाली की हे बाड आपल्याकडे आधी येऊन गेलंय, शब्द जुळवून घ्यावेत. कपाटातून जुनी प्रत काढली.

अथवासाहेबांच्या भाषांतरात लिहिलं होतं: ‘चार तारखेपासून घरी सोडण्याचे ठरले. डॉक्टरांना कळविले.’

खाली दोन सह्या. एक त्यांची, एक माझी.

मी दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग खणातून वही काढली आणि एक पान उघडलं. ‘डिस्चार्ज’. पान भरलेलं होतं. रुग्णाला घरी सोडणे. नोकरीतून कमी करणे. आरोपातून मुक्त करणे. कर्तव्य पार पाडणे. बंदुकीचा बार काढणे. धरणातला विसर्ग. बॅटरी उतरणे. जहाजातला माल उतरवणे. आणि या सगळ्यांच्या मधे एका ओळीवर, तेरा वर्षांपूर्वीच्या तारखेसह: जखमेतून येणारा स्राव, पू.

“मला माहीत होतं,” ते म्हणाले. मग त्या ओळीवर बोट ठेवून, “माहीत नसतं तर बरं झालं असतं.”

“साहेब, त्या दिवशी वहिनींचं...”

“हो. त्या दिवशी माझ्या डोक्यात त्या शब्दाला एकच अर्थ होता.” त्यांनी वही मिटली. “त्या चौकशीचं पुढं काय झालं?”

हे आम्हाला कधीच कळत नसे. कागद जायचे, परत यायचे नाहीत. अथवासाहेबांनी त्याच दुपारी वरच्या मजल्यावरून निकालाची प्रत मागवली. समितीनं सगळा ठपका रात्रपाळीच्या नर्सवर ठेवला होता. जखम चिघळत असताना तिनं त्याची नोंद केली नाही आणि वरिष्ठांना कळवलं नाही. डॉक्टरांनी जबाब दिला होता की आपल्याला काहीच सांगण्यात आलं नाही. नर्स म्हणाली होती, ‘मी लिहिलंय.’ तेव्हा अध्यक्षांनी भाषांतराची प्रत पुढे धरून तिला ती ओळ वाचून दाखवली होती. मूळ पान कुणी काढलंच नव्हतं. समितीतले एकमेव डॉक्टर पहिल्या बैठकीनंतर फिरकलेच नव्हते. रुग्णालयाच्या वकिलाला इंग्रजी नक्कीच येत असणार, पण तो कशाला तोंड उघडतोय? तिची नोकरी गेली आणि नर्सच्या कामाची नोंदणीही रद्द झाली.

निकालाचा कागद खाली ठेवून अथवासाहेब प्रमुख बाईंच्या टेबलाशी गेले आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी आधी दार लावून घेतलं.

“तुमची सेवा किती राहिली?”

“आठ महिने.”

“मग? प्रकरण मिटलंय. कुणी विचारलेलं नाही. उद्या हे उघडलं तर विभागानं केलेलं प्रत्येक भाषांतर लोक उकरून काढतील. आणि लिहायचंच असेल तर ‘अनवधानाने’ लिहा. ‘अर्थछटेतील फरक’ लिहा. शब्दांना तुमच्याकडे काय तोटा?”

“त्या मुलीला काय लागलं असेल, अर्थछटा?” अथवासाहेब म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण मी त्यांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

नर्सचा पत्ता शोधायला त्यांना बारा दिवस लागले. त्या दिवसांत त्यांचं जेवण सुटलं. वहिनींनी मला फोन करून विचारलं, “ऑफिसात काही झालंय का हो? रात्रभर कूस बदलत असतात. विचारलं तर म्हणतात पित्त झालंय.” मी म्हटलं, कामाचा ताण आहे. वहिनींना काय सांगणार होते? तुम्ही बऱ्या होऊन घरी आलात त्याच दिवशी हे घडलं, म्हणून?

ती भेटली एका मोठ्या लाँड्रीत. इस्पितळांच्या चादरी धुवायला येत तिथं इस्त्रीवर होती. तिथं काय झालं ते त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, तुटक तुटक, खिडकीबाहेर सायकल स्टँडकडे बघत.

वाफेनं भरलेली लांबच लांब खोली. ती तिशीची असेल. हाताला कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग. अथवासाहेबांनी आपण कोण ते सांगितलं, दोन्ही कागद दाखवले आणि ती ओळ बोटानं दाखवली. तिनं इस्त्री उभी ठेवली. ओळ वाचली. स्वतःचंच अक्षर तिनं पुन्हा पुन्हा वाचलं.

“म्हणजे मी लिहिलं होतं,” ती म्हणाली.

“हो सिस्टर. तुम्ही बरोबर लिहिलं होतं.”

“दोन वर्षं मी स्वतःला विचारतेय. त्यांनी तो कागद वाचून दाखवला ना, तेव्हापासून. खरंच लिहिलं होतं का? की नुसतं वाटलं लिहिलं असं? रात्रपाळी होती, चौदा पेशंट होते. आई म्हणायची, होतं बाळा माणसाकडून. तिलासुद्धा वाटलं मीच चुकले.” मग तिनं विचारलं, “तुम्हाला या शब्दाचा अर्थ माहीत नव्हता?”

अथवासाहेब म्हणाले, माहीत होता.

“मग?”

बायकोला घरी न्यायची घाई होती, हे त्यांच्या ओठावर आलं होतं. पण ते बोलले नाहीत. मला म्हणाले, “ते सांगितलं असतं, तर तिला माझी कीव करावी लागली असती. तेवढं ओझं आणखी कशाला?”

ती रडली नाही. माफही केलं नाही. मुकादम दारात येऊन उभा राहिला तेव्हा तिनं इस्त्री उचलली आणि एवढंच म्हणाली, “हे मला लिहून द्या. सही करून. तोंडी नको.”

त्यांनी लिहून दिलं. प्रतिज्ञापत्राचे मसुदे त्यांनी तीनदा केले. ज्या माणसाला प्रत्येक शब्दाला चार पर्याय सुचायचे, तो माणूस एका शब्दापाशी चार दिवस बसून होता. अनवधान, दुर्लक्ष, त्रुटी, प्रमाद, कसूर. शेवटी सगळं खोडून त्यांनी लिहिलं: ‘ही माझी चूक आहे. मला अर्थ माहीत असूनही मी चुकीचा लिहिला.’ समासात काही नव्हतं.

सही करण्याआधी त्यांनी मला कँटीनमध्ये नेलं. “तपासणीच्या सहीबद्दल मी काही लिहिलेलं नाही,” ते म्हणाले. “विचारलं तर सांगेन की नियमाप्रमाणे तपासणी झाली. तुमची वीस वर्षं राहिलीत अजून.”

मी ‘नको साहेब, मीही लिहून देते’ असं म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, “चहा गार होतोय.”

त्यांची चौकशी तीन महिने चालली. त्या खोलीबाहेरच्या बाकावर मी दोनदा बसले होते, बोलावतील म्हणून. आतून त्यांचा आवाज येत होता. “तपासणी कुणी केली?” “सही आहे, त्याअर्थी झाली. पण चूक भाषांतराची आहे, आणि भाषांतर माझं आहे.” मला कुणी बोलावलं नाही. घरी जाताना प्रत्येक वेळी मला सुटल्यासारखं वाटायचं आणि जिना संपेपर्यंत स्वतःची किळस यायची.

त्यांना टेबलावरून काढून रेकॉर्ड रूममध्ये बसवलं, गठ्ठ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला. पगारवाढ थांबवली आणि सेवापुस्तकात प्रतिकूल शेरा मारला. ज्या दिवशी त्यांनी आपला खण रिकामा केला त्या दिवशी माझ्यानं राहवलं नाही. मी एका कागदावर सगळं लिहिलं, मूळ प्रत न बघता सही केली असं स्पष्ट लिहिलं, आणि प्रमुख बाईंना नेऊन दिलं. बाईंनी ते वाचलं, घडी घातली, आणि मला परत दिलं.

“प्रकरण बंद झालंय. आता हे देऊन तुम्हाला काय मिळवायचंय? झोप?”

मी तो कागद पर्समध्ये ठेवला. मी हट्ट धरू शकले असते. धरला नाही.

अथवासाहेब निवृत्त झाले तेव्हा निरोपसमारंभ झाला नाही. शिपायानं आणि मी मिळून त्यांना एक पेन दिलं, रेकॉर्ड रूमच्या दारातच. त्यांनी ते खिशाला लावलं आणि म्हणाले, “बरं लिहितं का?” कुणालाच हसू आलं नाही. वह्या ते घरी घेऊन गेले. वहिनींनी नंतर मला सांगितलं की त्या माळ्यावर टाकल्यात, उघडत नाहीत. सगळं कळल्यावर वहिनी एक दिवस म्हणाल्या होत्या, “मी आणखी दोन दिवस इस्पितळात राहिले असते तर...” आणि ते पहिल्यांदाच त्यांच्यावर ओरडले होते. “पुन्हा असं म्हणायचं नाही.”

ते प्रतिज्ञापत्र जोडून नर्सनं केलेल्या अपिलाला सव्वा वर्ष लागलं. निकाल तिच्या बाजूनं लागला. तिच्यावरचे आरोप काढले, नोंदणी परत दिली. डॉक्टरांवर नव्यानं चौकशी बसवायचे आदेश झाले, ती अजून बसायची आहे. जुनं रुग्णालय तिला परत घेईल असं निकालात कुठंच नव्हतं, आणि तिनंही ते मागितलं नव्हतं. निकालाची बातमी मला ऑफिसात आधी कळली. मी अथवासाहेबांना फोन केला. ते म्हणाले, “मला जायचंय तिच्याकडे. एकटा गेलो तर दारातून परत येईन. याल का बरोबर?”

रविवारी सकाळी आम्ही गेलो. चौथा मजला, लिफ्ट नाही. ते प्रत्येक मजल्यावर थांबत होते, दम लागल्यामुळे की कशामुळे ते मी विचारलं नाही. दार तिच्या आईनं उघडलं. ओळख सांगितल्यावर त्या क्षणभर तशाच उभ्या राहिल्या, मग आत जाऊन मुलीला पाठवलं. तिनं आम्हाला आत बोलावलं नाही, पण दार पूर्ण उघडं ठेवलं.

“निकाल कळला मला,” ती म्हणाली. “एका छोट्या दवाखान्यात लागलेय पुढच्या सोमवारपासून. दिवसपाळी.”

“चांगलं झालं,” अथवासाहेब म्हणाले.

“चांगलं कसलं? परत मिळालं, एवढंच.” मग तिचा आवाज जरा उतरला. “तुम्ही आला नसता तर तेही मिळालं नसतं. ते मला कळतं. पण माफ केलं असं मला म्हणता येत नाही काका. जिभेवरच येत नाही.”

“नका म्हणू.”

“आता नोंद लिहिताना मी प्रत्येक शब्द पूर्ण लिहिणार. पू आला तर पू असं लिहिणार. आपल्याच भाषेत. काय करायचं ते करा म्हणावं.”

ते मान हलवत राहिले. निघायची वेळ झाली होती. तेव्हा मी पर्स उघडली. तो घडी घातलेला कागद दीड वर्षात कडेला फाटत आला होता. मी तो तिच्या हातात दिला.

“त्या भाषांतरावर दुसरी सही माझी आहे,” मी म्हटलं. “तपासायचं काम माझं होतं. मी मूळ कागद बघितलाच नाही.”

अथवासाहेब वळून माझ्याकडे बघायला लागले. तिनं कागद वाचला. शेवटपर्यंत वाचला, तारीख बघितली, आणि मग माझ्याकडे बघितलं.

“ही तर दीड वर्षापूर्वीची तारीख आहे.”

“हो.”

“म्हणजे अपील चालू होतं तेव्हा हे तुमच्या पर्समध्ये होतं.”

तिनं कागदाची घडी पुन्हा होती तशीच घातली. मला वाटलं परत देईल, पण तिनं तो स्वतःकडेच ठेवला. मग दार लावून घेतलं. आपटलं नाही, हळूच लावलं, आणि आतून कडी घातल्याचा आवाज आला.

आम्ही जिना उतरलो. खाली आल्यावर अथवासाहेबांनी कठड्याला धरून दम घेतला. आता ते काहीतरी बोलतील, रागावतील, नाहीतर समजूत घालतील, असं वाटून मी थांबले.

“तिकडून बस मिळेल तुम्हाला,” ते म्हणाले. “मी जरा चालत जातो.”

ते रस्ता ओलांडून गेले, सावकाश, खिशातल्या पेनावर हात ठेवून. मी बस येईपर्यंत थांब्यावर उभी होते. दोन बस आल्या आणि गेल्या. तिसरीत मी चढले.